पावणेचारचा फोन

एकदा एका तरुणीची चप्पल संध्याकाळच्या वेळी पायाला घट्ट होऊ लागली.

सकाळी हीच चप्पल नीट बसे. दिवस कलला की पट्ट्याचा वळ पावलावर उमटे आणि बराच वेळ तसाच राही. तिने चप्पल बदलली. नवीही आठ दिवसांत तशीच वागू लागली, तेव्हा तिने दुकानदाराला दोष दिला, मग उन्हाळ्याला. स्वभावाने ती घाबरट. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. पण जिथे खरोखर दचकायला हवे होते तिथे मात्र ती चपला बदलत बसली. दिवाळीपर्यंत डोळ्यांखाली सूज आली, जिना चढताना धाप लागू लागली आणि तपासणीत कळले की तिची दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ थांबली आहेत.

तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस, दुपारी तीन ते सात, ती गावातल्या धर्मादाय रुग्णालयात डायलिसिसच्या यंत्राला जोडलेली असे. वय सव्वीस. राज्यशास्त्राची पदवी घेतलेली. सकाळी एका क्लासमध्ये मुलांना नागरिकशास्त्र शिकवायची, आणि दुपारची ही पाळी मिळाली होती म्हणूनच ते शिकवणे टिकले होते.

या आजाराचा नियम साधा आणि कठोर आहे. पाणी देहात जाते, पण बाहेर पडत नाही. म्हणून दिवसाला पाऊण लिटर, त्यातच चहा आला आणि आमटीही आली. प्रत्येक रुग्णाचे एक कोरडे वजन ठरवलेले असते; म्हणजे अंगात साठलेले पाणी वगळून उरणारे खरे वजन. यंत्रावर जाण्यापूर्वी काट्यावर उभे राहायचे. कोरड्या वजनाहून जितके अधिक भरेल, तितके पाणी यंत्र चार तासांत काढून घेते. अधिक फार असले की यंत्रालाही जड जाते आणि माणसालाही.

तिचे अधिक नेहमीच फार असे. मोजून प्यायची, तरी असे. शोध घेता लक्षात आले की याचे मूळ बातम्यांत आहे. संध्याकाळी दूरचित्रवाणीवर देशाच्या कारभारावरच्या चर्चा लागत. मंत्र्याचे उत्तर विचारलेल्या प्रश्नाचे नसे आणि विरोधकाचा प्रश्न उत्तर मिळावे म्हणून विचारलेला नसे. तिला ते सहन होत नसे. ती पडद्याशीच भांडे. आई स्वयंपाकघरातून म्हणे, अगं, त्यांना इकडचं ऐकू येत नाही. भांडून घसा कोरडा पडे आणि हातातला पेला कधी रिकामा झाला हे तिचे तिलाच कळत नसे.

तिच्या शेजारच्या खाटेवर एक वृद्ध गृहस्थ असत. सगळे त्यांना आबा म्हणत. एसटीच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची हयात गेली होती आणि निवृत्तीनंतर नऊ वर्षे या यंत्राच्या सोबतीत. त्यांचे अधिक वजन कधी दीड किलोच्या वर गेले नव्हते. त्यांच्याकडे स्टीलचा एक छोटा पेला होता, आतून खिळ्याने रेघ ओढलेला. ते पाणी इतक्या सावकाश पीत की बघणाऱ्याला वाटावे, पाण्याला चव असते. पहिल्या दिवशी यंत्राचा भोंगा वाजला आणि तरुणी अशी दचकली की सुई लावलेला हात हलला आणि भोंगा पुन्हा वाजला. तेव्हा आबांनी शांतपणे सांगितले होते, "वाजतंय तोवर घाबरू नको. गप्प बसलेली गाडी बिघडलेली असते." त्या दिवसापासून तिने मनोमन त्यांना गुरू मानले होते. त्यांनी मात्र तिला शिष्या मानले होते की नाही, कोण जाणे. ते तिला पोरी म्हणत.

एका सोमवारी दाराजवळ सूचना लागली. एक तारखेपासून तिसरी, म्हणजे दुपारी तीनची, पाळी बंद. कारण पाणी. डायलिसिसला दर रुग्णामागे सव्वाशे-दीडशे लिटर पाणी लागते. गावात नळ एक दिवसाआड येई, दोन तास. आणि रुग्णालय टेकाडावर असल्याने खालच्या आळ्यांचे पाणी भरून होईपर्यंत वरच्या टाकीत धार येत नसे. तिसऱ्या पाळीपर्यंत टाकी तळ गाठी. तिसऱ्या पाळीच्या लोकांनी जिल्ह्याला जावे असे सुचवले होते. जाऊन-येऊन साडेचार तास, वर यंत्राचे चार. मुलांचा क्लास तर सुटलाच, पण यंत्रावरून उतरल्यावर ज्याला चार पावले चालवत नाही त्याने रात्रीची बस कशी धरायची, हा खरा प्रश्न होता. आबांची पाळीही तीच होती. दाराजवळच्या खाटेवरच्या किराणा व्यापाऱ्याचीही.

तरुणीने सूचना वाचली आणि तिच्या संतापाला सीमा राहिली नाही. पण तो सगळा संताप राजधानीकडे निघाला. आरोग्यावरची तरतूद, पाण्याचे धोरण, संसदेतले कालचे भाषण. चार तास काढायचे म्हणून ती आठवडाभराची वर्तमानपत्रे पिशवीत घेऊन येत असे, लाल पेनाने खुणा केलेली. ती तिने बाहेर काढली आणि एकेक मथळा सर्वांना ऐकवू लागली.

आबा ऐकत होते. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. ती वजन करायला काट्यावर उभी राहिली. काट्याने एक्कावन्न दाखवले. तंत्रज्ञ लिहिणार, तेवढ्यात आबा उठले, तिचा तो वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलून त्यांनी तिच्या हातांत दिला आणि म्हणाले, "हलू नकोस. आता लिही रे."

काटा सव्वाबावन्नावर गेला.

तंत्रज्ञाला वाटले चेष्टा आहे. तो हसला. आबा हसले नाहीत. तेव्हा त्याने समजावून सांगितले की असे लिहिता येणार नाही. लिहिले तर यंत्र तेवढे पाणी हिच्या अंगातून जास्तीचे ओढेल आणि रक्तदाब खाली येईल.

"म्हणजे हे वजन तुझं मशीन काढत नाही?"

"पेपरचं कसं काढेल, आबा?"

"मग हिनं काढायचं कुठून?"

तरुणी गठ्ठा छातीशी धरून काट्यावर तशीच उभी राहिली. तिला थोडे ओशाळल्यासारखे झाले आणि थोडा रागही आला. खाटेवर गेल्यावर, डाव्या हाताला सुया लागल्यावर, तिने तो विषय पुन्हा काढला. आबांनी विचारले की देशाचे आरोग्यमंत्री कोण. तिने सांगितले, आधीचेही सांगितले. मग त्यांनी विचारले की आपल्या गावाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह कोण फिरवतो. ते तिला ठाऊक नव्हते.

आबा म्हणाले, "तुझ्या अंगात पाणी जातं आणि बाहेर पडत नाही, त्याला आपण आजार म्हणतो. बातमी जाते आणि बाहेर पडत नाही, त्याला तू जागरूकता म्हणतेस. सूज दोन्हीकडे सारखीच येते, पोरी. मी तुला पाणी तोडायला सांगत नाही. तहान मेली की माणूस संपला. फक्त आत जितकं घेशील, त्यातल्या थोड्याला तरी बाहेर पडायची वाट ठेव."

"मी मतदान करते की, आबा. एकदाही चुकवलं नाही."

"करायलाच हवं. पण ते पाच वर्षांतून एकदा. पाच वर्षांतून एकदा डायलिसिस करून कोण जगलंय?"

यावर दाराजवळचा व्यापारी इतका हसला की त्याच्या यंत्राचा भोंगा वाजला आणि तंत्रज्ञ त्याच्यावर रागावला. तरुणी मात्र हसली नाही. तिने विचारले, मग देशाचे काय? ज्याने-त्याने आपापला नळ तेवढा बघायचा का?

आबा म्हणाले, "देश फार मोठा आहे. मला काही त्याचं टोक दिसत नाही. पण कुठेतरी तो आपल्या हाताला लागतो. लागेल तिथे धरायचा. आत्ता तो या नळाला लागतोय."

भिंतीवर नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागाचा क्रमांक चिकटवलेला होता. रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेने तिथे दोनदा अर्ज दिले होते. दोन्हींवर आवक शिक्का बसला होता आणि पुढे काही झाले नव्हते. फोन कुणी उचलत नाही, असे तंत्रज्ञ म्हणाला. व्यापाऱ्याने तर जाहीर केले की तिथे फोन उचलला गेला तर तो सगळ्यांना पेढे वाटेल, आणि या आजारात कुणालाच पेढे चालत नाहीत म्हणून हे तो निर्धास्तपणे बोलतो आहे.

बुधवारी तरुणी दीड पानाचे निवेदन लिहून घेऊन आली. त्यात जगण्याचा मूलभूत अधिकार होता, राज्याची कर्तव्ये होती. आबांनी ते आदराने वाचले, घडी करून परत दिले आणि म्हणाले की एका श्वासात मावेल एवढेच ठेव. बराच वेळ खाडाखोड झाल्यावर उरले ते असे: रुग्णालयाची लाइन बाकी गावाच्या अर्धा तास आधी सोडा.

त्या दिवशी पावणेचारला तिने पहिला फोन लावला. थोड्याच वेळात खाली ठेवला.

"किती वाजू दिलास?"

"तीनदा."

"एवढ्यात कसा ठेवलास?"

ती अगदी हळू म्हणाली, "उचलला असता तर?"

आता आबाच इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी ते पुसले आणि तंत्रज्ञाला सांगितले की एवढे वजनातून वजा कर. मग ते तिला म्हणाले की या गावातली अर्धी माणसे कार्यालयाला याच भीतीने फोन करत नाहीत, आणि कार्यालयातली माणसे याच भीतीने तो उचलत नाहीत. हे त्यांना कसे ठाऊक? तर स्थानकातला फोन त्यांनी स्वतः कित्येक वर्षे उचलला नव्हता.

"उचलला की काम लागतं. म्हणून वाजू द्यायचो. पण एक मास्तरीणबाई होत्या. शाळेच्या गाडीची वेळ बदला म्हणून रोज साडेसातला फोन करायच्या. आठ-दहा दिवस मी नुसता ऐकला. मग असं झालं की साडेसात वाजले आणि फोन आला नाही, तर मीच घड्याळाकडे बघायला लागलो. एक दिवस उचलला."

"आणि गाडी?"

"वीस मिनिटं अलीकडे आणली. अजून तीच वेळ आहे. म्हणून म्हणतो, रोज कर, एकाच वेळी कर आणि पूर्ण वाजू दे. आवाज चढवायची गरज नाही. ओळखीचा झाला पाहिजे."

तरुणीने तसे केले. सुट्ट्या सोडून रोज, पावणेचारला. यंत्रावर असेल त्या दिवशी खाटेवरून, एरवी घरून. पहिले दोन दिवस तिने ती घंटा डोळे मिटून ऐकली. मग घंटा किती वेळ वाजते हे तिला पाठ झाले. फोन आपोआप बंद पडे, ती दुसऱ्या दिवसाची वाट बघे. बातम्याही तिने पाण्यासारख्या मोजून घ्यायला सुरुवात केली. सकाळी एक वर्तमानपत्र, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग पेला उपडा. संध्याकाळी भांडावेसे वाटत नसे, असे नाही. पण ते भांडण दुसऱ्या दिवशीच्या पावणेचारसाठी राखून ठेवता येई. एके दिवशी तंत्रज्ञाने काट्याकडे दोनदा पाहिले. अधिक वजन पावणेदोन किलो. आबांनी शेजारून म्हटले, "माझ्या जवळ यायला लागलीस. आता जपून राहावं लागेल."

दिवस मात्र जात होते. सूचना दाराजवळ तशीच होती. व्यापारी रोज विचारी, पेढ्यांची ऑर्डर देऊ का. त्याच्याही आवाजात आता चेष्टा थोडी कमी असे, कारण त्याच्या मुलाने जिल्ह्याच्या रुग्णालयात नाव घातले होते आणि तिथे रांग होती.

एक तारखेला चार दिवस उरले असताना शुक्रवार आला. त्या दिवशी तिची शीर सापडेना. सुई दोनदा लावावी लागली. यंत्र सुरू होईपर्यंत चार वाजायला दहा मिनिटे उरली होती. ती घाईने म्हणाली की आज वेळ चुकली. आबा डोळे मिटून पडले होते; त्यांनी डोळे न उघडता फक्त उजव्या हाताने लावण्याची खूण केली.

डावा हात सुयांमुळे पसरून ठेवलेला, उजव्या हातात फोन. घंटा वाजू लागली. ती सवयीने मोजत होती. सातव्या घंटेनंतर आवाज तुटला. फोन लवकर बंद पडला असे वाटून ती तो कानापासून दूर नेणार, इतक्यात आतून कुणीतरी खोकले.

ती दचकली. पण डावा हात जागचा हलला नाही आणि यंत्र शांतच राहिले. दाराजवळच्या खाटेवर व्यापाऱ्याने मान वर केली. आबांचे डोळे मिटलेलेच होते, फक्त ओठांच्या कडा किंचित वर गेल्या होत्या. तिने एक श्वास घेतला. तिच्या वाक्याला तेवढाच पुरणार होता.

"पाणीपुरवठा," पलीकडून एक दमलेला, मध्यमवयीन आवाज म्हणाला. "पावणेचारच्या ताई ना तुम्ही? आज पाच मिनिटं उशीर केलात. बोला."