टाकीवरचं निशाण

"आमच्या विमानात रिकामं काही असता कामा नये!" सोनखांबचे राजे मानाजीराव गरजले. दरबारी सोनाराने लगेच पेट्रोलच्या काट्यावरची 'रिकामी' ही अक्षरे घासून टाकली आणि दोन्ही टोकांना सोन्यात 'भरली' असे कोरले. दिवाण दाजीसाहेबांनी पसंतीची मान हलवली. ती मान नाही म्हणायला कधी शिकलीच नव्हती.

विमान दोन माणसांचे, हट्ट मात्र हत्तीएवढा. सरकारी तपासनीस आला, काटा पाहून कपाळाला हात लावून बसला.

"महाराज, मध्ये काटा थोडा इकडेतिकडे झाला तर मी डोळेझाक करीन. पण टाकी रिकामी झाली की त्याने तसे दाखवलेच पाहिजे. नियम आहे. परवाना मिळणार नाही."

"परवाना गेला खड्ड्यात. दसऱ्याला आम्ही उडणार. मागे रावजी भोई बसेल. राजाच्या वाहनासोबत भोई हवाच."

रावजीने जन्मभर महाराजांची पालखी वाहिली होती. हे ऐकून त्याने घरी निरोप धाडला. नदीवर मासे धरणारी त्याची लेक येसू तशीच ओल्या पदराने वाड्यावर आली.

"सरकार, आधी काटा नीट करा, मग माझ्या बापाला न्या."

महाराज मिशीत हसले. "तूच कर. नियमही पाळला गेला पाहिजे आणि 'रिकामं' आमच्या नजरेला पडता कामा नये. नाही जमलं तर बाप मागे बसणार."

येसूला मनातून फार भीती वाटत होती, पण तिने ती चेहऱ्यावर दिसू दिली नाही. तिने जाळ्याचे एक भेंड, एक तार आणि महाराजांच्या निशाणाची चिंधी मागून घेतली. टाकीच्या टोपणाला भोक पाडून तार ओवली. आत खालच्या टोकाला तरंगणारे भेंड, बाहेर वरच्या टोकाला इवलेसे निशाण. टाकी भरली तसे निशाण महाराजांच्या आसनासमोर ताठ उभे राहिले.

"वा! आता कायम असंच फडकणार," महाराज खूश झाले.

येसूने टाकीखालचा नळ सोडला. पेट्रोल उतरले, भेंड उतरले, निशाणही उतरू लागले. ते टोपणाला टेकायला आले, तसे महाराज आसनावरून उठलेच.

"थांबवा! आमचं निशाण कोण खाली आणतंय?"

"पेट्रोल, सरकार. सगळ्या संस्थानात तेवढं एकच तुमच्या तोंडाकडं बघून बोलत न्हाई."

तपासनिसाने टाकीत डोकावून पाहिले. निशाण टेकले तेव्हा टाकी कोरडी होती. "पास," तो म्हणाला.

"पण आभाळात महाराजांनी याकडे लक्षच दिले नाही तर?" दाजीसाहेबांनी विचारले.

"रिकाम्या टाकीला सरकार जुमानणार न्हाईत, ते ठावं हाय मला. पर निशाण पडायच्या आत ते इमान खाली आणतील. आत्ता जमिनीवर असून उठले न्हाईत का?"

महाराज डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सोन्याच्या अक्षरांचा तो जुना काटा त्यांनी येसूच्या ओंजळीत टाकला. "आणखी माग."

"माझ्या बापाची मागची जागा मोकळी करा."

"मग तिथं बसणार कोण?"

"दिवाणसाहेब हाएत की. दोन्हीकडं भरलेला काटा त्येंनाच पसंत पडला हुता."

"कबूल! काय दाजीसाहेब?"

दाजीसाहेबांनी सवयीने मान हलवली. आपण कशाला हो म्हणालो, हे त्यांना पोटावरचा पट्टा आवळल्यावर कळले.