राज्य कुणावर?

त्या दिवशी थंडी अशी पडली होती की राजाच्या मिशांवरचं दवसुद्धा परवानगी घेऊन गळत होतं! आणि टोपल्या विणणाऱ्या सोनबाचा मल्हू घोंगडी पांघरून घरात बसला होता. शाळेला जाईना.

"थंडी वाजते होय रे?" बापानं विचारलं.

"नाही आबा. पाठ दुखते."

दुखणारच. शाळेत युवराज रणधीर होते ना! मोठे शूर. पण खऱ्या घोड्याला भ्यायचे, म्हणून मल्हूच्या पाठीवर बसायचे. गुडघे सोलवटेपर्यंत त्याला अंगणभर पळवायचे. बाकीची पोरं हसायची; जो हसणार नाही, तो पुढचा घोडा! आणि पंतोजींना नेमकी त्याच वेळी भिंतीवरची पाल बघायची असायची.

सोनबा राजाकडं गेला. बरोबर मल्हूची थोरली बहीण ठकू.

"छळ?" राजा म्हणाला. "अरे, खेळ आहे तो! पोरं किती हसतात!"

"हसतात की महाराज," ठकू म्हणाली. "तुमच्या विनोदाला दरबार हसतो, तशीच!"

दरबार सवयीनं हसला, आणि मग आपण कशाला हसलो ते त्याच्या ध्यानात आलं.

राजा लालबुंद झाला. "जिभेला धार आहे पोरी! मग उद्या सिद्ध कर. युवराजांबद्दल वावगा शब्द काढायचा नाही, साक्षीदार आणायचा नाही. आणि 'हा खेळ नव्हे' असं माझ्याच तोंडून वदवायचं! नाही जमलं, तर तुझ्या भावाला शाळा कायमची बंद!"

"वा! काय न्याय!" प्रधान म्हणाले. त्यांना ठेवलंच होतं त्यासाठी.

घरी मल्हू मुसमुसू लागला. "अक्का, मला आत्ता कुठं जोडाक्षरं वाचता यायला लागली होती गं."

"रडू नकोस. पाठ शेकून घे. उद्या दरबारात जायचंय," ठकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती भावाला घेऊन धावतच दरबारात शिरली. "महाराज, ऐकलंत का? दिवाळीपासून राज्य आमच्या मल्हूवर आलंय!"

"राज्य?" राजानं तलवारच उपसली. "मी जिवंत असताना?"

"अहो, खेळातलं राज्य! लपाछपीत ज्याच्यावर राज्य, तो शोधतो. शिवणापाणीत ज्याच्यावर राज्य, तो शिवायला पळतो. तसं या घोडा-घोडात ज्याच्यावर राज्य, तो घोडा! तुम्हीच म्हणालात ना, खेळ आहे?"

"अस्सं होय!" राजानं तलवार म्यान केली. "मग असू दे की त्याच्यावर राज्य."

"असू दे कसं? खेळात राज्य फिरतं, महाराज! मल्हूचं झालं, आता युवराजांवर आलं. या युवराज, वाका!"

"बाबासाहेब!" युवराज सिंहासनामागं दडले.

राजा ताडकन उठला. "खबरदार! आमचा युवराज कुणापुढं वाकणार नाही!"

"म्हणजे राज्य फिरायचंच नाही? कधीच?"

"त्रिवार नाही!"

ठकूनं हात जोडले. "मग महाराज, ज्यात राज्य फिरतच नाही, तो खेळ कसला हो?"

"तो खेळ नव्हेच मुळी!" राजा गरजला.

आणि त्यानं जीभ चावली. प्रधानांनी 'वा' म्हणायला तोंड उघडलं होतं, पण कुणाला म्हणावं ते कळेना, म्हणून जांभई दिली.

राजाच्या मिशा आधी हलल्या, मग पोट हललं, मग तो खदाखदा हसू लागला. "माझ्याच तोंडून वदवलंस की गं! मल्हू, ये. बसतोस का एकदा युवराजांच्या पाठीवर?"

मल्हूनं मान हलवली. "नको महाराज. लई दुखतं त्यानं."

युवराज खाली बघू लागले.

राजानं हुकूम सोडला: युवराज शाळेत आपल्याच पायांनी हिंडतील, पंतोजींचं आसन अंगणाकडं तोंड करून मांडायचं, आणि ठकूला जरीचं परकर-पोलकं अन् शाळेत पहिल्या रांगेत जागा!

संध्याकाळी शेजारचा केरबा सोनबाला म्हणाला, "पोरगी उद्यापासून शाळेला जाणार म्हणतात. बरं झालं गड्या! पण पंतोजीला आधी सांगून ठेव हो, म्हातारा माणूस आहे बिचारा!"