पोवळ्यांच्या घरातला पाहुणा

फार फार खोल, जिथे सूर्याला आजवर कधी वाट सापडली नाही, अशा एका समुद्राच्या तळाशी पोवळ्यांचं एक गाव होतं. तिथे बारा महिने अंधार आणि बारा महिने गारठा.

तुम्ही म्हणाल, पोवळी तर उन्हातल्या उथळ पाण्यात राहतात, लाल-गुलाबी, चित्रात काढतात तशी. तीही असतात. पण ही त्यांची थंडीतली भावंडं. यांना ऊन लागत नाही आणि रंगाची हौसही नाही. असती तरी त्या काळोखात बघायला कोण जाणार होतं? सगळी आपली पांढरीफटक. तिथे ओळख पटायची ती स्पर्शाने आणि पाण्याच्या हालचालीने.

एकेक घराणं म्हणजे एकेक झाड. पान नाही, फूल नाही, नुसत्या चुन्याच्या फांद्या. फांद्यांवर ओळीने छोटे छोटे जीव बसलेले, प्रत्येकाला एक तोंड आणि तोंडाभोवती बोटं. एकदा बसलं की जन्मभर जागेवरून हलायचं नाही. प्रवाहाबरोबर जे बारीकसारीक येईल, जवळ्याहूनही बारीक जीव, चुरा, कण, ते बोटांनी पकडायचं आणि खायचं. एकाने खाल्लं की त्यातलं थोडं साऱ्या घराला पोचायचं, कारण सगळ्यांच्या अंगावरची कातडी एकच होती. उरलेल्या वेळात अंगातून चुना पाझरवायचा आणि घर वाढवायचं. घाई कुणालाच नसे. नखाच्या जाडीएवढी फांदी वाढली, की वर्ष बरं गेलं म्हणायचे.

अशा एका घरात एक थोरली होती. ती फांद्यांच्या बेचक्यात बसायची आणि तिथून घर चालवायची. कुणी किती खाल्लं, चुना कुठे कमी पडला, कोण बोटं पसरायचा आळस करतो, सगळं तिला ठाऊक. स्वभावाने वाईट नव्हती हो. पण तिच्यावाचून घर चालणार नाही असं तिला वाटे, आणि तसं वाटणाऱ्यांचं जे होतं तेच तिचं झालं होतं. तिला दुसऱ्याचं काम दिसायचं बंद झालं होतं.

या घरात एक किडा राहायचा. लांबलचक, अंगाला दोन्ही बाजूंनी पायच पाय, पुढे मिशा आणि दणकट जबडे. फांद्यांना वळसे घालत त्याने आपल्या अंगापुरती एक नळी विणली होती, पातळ पापुद्र्याची. त्या नळीत तो पडून असायचा. थोरलीच्या आजीच्याही आधीपासून या घरात असलाच एक किडा होता, तरी सगळे त्याला पाहुणाच म्हणायचे. गावाचा रिवाज असा, की घराला नवी फांदी फुटली की पाहुण्याने आपली नळी तिच्यावर ओढायची आणि घरच्यांनी त्या नळीवर चुन्याचा गिलावा करायचा. का करायचा, हे कुणी विचारलं नव्हतं. आजी करायची, आई करायची, म्हणून थोरलीही करत आली.

पाहुण्याची एक खोड होती. कुणी घास पकडला की हा नळीतून हळूच तोंड बाहेर काढायचा आणि घास ओढून न्यायचा! पकडणाऱ्याची बोटं वाऱ्यावर, म्हणजे पाण्यावर.

त्या वर्षी घराला वरच्या बाजूला नवी फांदी फुटली. तिच्या टोकाला बसली होती घरातली सगळ्यात धाकटी. तिच्यावर थोरलीचा भारी जीव. एक दिवस वरून चांगला गलेलठ्ठ जीव तरंगत आला. धाकटीने आयुष्यात पहिल्यांदा एवढा मोठा घास एकटीने पकडला. "थोरले, थोरले, बघ!" असं ती ओरडते आहे तोवर दोन मिशा पुढे आल्या आणि घास गेला.

धाकटी रडायला लागली. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय नसले म्हणून काय झालं?

"पाहुणे, लाज नाही वाटत? लेकराच्या तोंडचा घास!"

नळीतून चावण्याचा आवाज आला. मग पाहुणा म्हणाला, "चव छान होती."

"आमचं खायचं, वर आमच्याकडूनच घर बांधून घ्यायचं! बास झालं. नव्या फांदीवर तुमच्या नळीला चुन्याचा एक कण मिळणार नाही."

"गिलावा नाही तर मला तिथे राहता येणार नाही, थोरल्याबाई. पापुद्रा फाटतो."

"मग चालते व्हा."

पाहुण्याने वाद घातला नाही. त्याला भांडायचा कंटाळा होता. तो सावकाश नळीतून सरकला, एवढा लांब की पुढचं टोक शेजारच्या घरी पोचलं तरी मागचं टोक अजून इथेच होतं, आणि शेजारणीच्या फांद्यांत जाऊन बसला.

शेजारीण जरा भिडस्त होती. ती म्हणाली, "अगं थोरले, तुझा पाहुणा माझ्याकडे आला गं. काय करू?"

"ठेव हवा तर. तुझ्या घरच्यांना उपाशी ठेव आणि त्याच्या घरावर गिलावा घाल!"

"घालते बाई. आमच्याकडे घालतात," शेजारीण म्हणाली आणि कामाला लागली.

खरं सांगायचं तर यानंतर थोरलीचे दिवस फार मजेत गेले. घास पकडला की तो पोटातच जाई. नळीवरचा चुना वाचला, तो सगळा तिने नव्या फांदीला दिला. फांदी सरसर उंच झाली, म्हणजे पोवळ्यांच्या मानाने सरसर. धाकटीच्या खाली आणखी भावंडं जन्मली. वरती प्रवाह जोराचा, त्यामुळे खाणंही भरपूर. धाकटी वरून ओरडायची, "थोरले, इथे किती छान लागतंय पाणी!" आणि थोरली शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "खा गं बाई, पोटभर खा. आपल्याकडे आता चोर नाहीत."

तशा काही बारीक गोष्टी व्हायच्या. वरून गाळ पडायचा तो पूर्वी कुठे जायचा कोण जाणे, आता फांद्यांवरच साचून राही आणि खालच्यांना खोकला येई. नवी फांदी प्रवाहात थोडी डुलायची. धाकटीला त्याची गंमत वाटे. ती त्याला झोका म्हणायची. थोरलीने सगळ्याकडे कानाडोळा केला. उंच गेलं की डुलणारच, असं तिचं म्हणणं.

मग एकदा वरच्या जगात काहीतरी मोठं वादळ झालं असावं. खाली वारा येत नाही, पण तळाचा प्रवाह असा काही उसळला, की गावातल्या म्हाताऱ्या पोवळ्यांनाही तसा आठवत नव्हता. मासे आडोशाला घुसले. पोवळ्यांनी बोटं आत ओढून घेतली. शेजारणीच्या घराच्या फांद्या पाहुण्याच्या नळीने एकीला एक जखडलेल्या होत्या. त्यावरचा गिलावा दगडासारखा झालेला. घर हललंसुद्धा नाही.

थोरलीचं जुनं घर तसंच राहिलं, कारण तिथे आजीच्या वेळचे गिलावे होते. पण नवी फांदी! ती उंच, सडपातळ, एकटी. आधी डुलली, मग थरथरली, आणि कड् करून मुळाशी मोडली.

धाकटी आणि तिची भावंडं फांदीसकट खाली गाळात जाऊन पडली.

थोरलीला ते दिसलं नाही, पण कळलं. आतापर्यंत अंगातून वाहत येणारी धाकटीची चाहूल एकदम थांबली. वर फक्त गार पाणी होतं. थोरलीला रडू फुटलं. समुद्रात रडलेलं कुणाला दिसत नाही, म्हणून काही ते कमी नसतं.

प्रवाह ओसरला तेव्हा गाळातून बारीक आवाज आला. "थोरले, तोंडात चिखल जातोय. मला वर घे."

वर कशी घेणार? थोरली जागेवर चिकटलेली. शेजारीण चिकटलेली. सारा गाव चिकटलेला. माशांनी येऊन बघितलं, चुकचुकले आणि गेले, त्यांना उचलता येत नव्हतं. गाळ हळूहळू बसत होता आणि फांदी त्यात आणखी खाली जात होती.

आसपास चालायला पाय आणि फांदी धरायला जबडे असलेला एकच जण होता. थोरलीला तो कोण, हे पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. हाक तेवढी तोंडातून फुटत नव्हती. ज्याला घालवून दिलं, ज्याला येताजाता चोर म्हटलं, त्याच्याकडे कोणत्या तोंडाने मागायचं? आणि तो नाही म्हणाला तर? सगळा गाव ऐकत होता.

"थोरले..." आवाज आणखी बारीक झाला होता.

"पाहुणे!" थोरली ओरडली. "अहो पाहुणे! माझं चुकलं. माझी लेकरं गाळात पडलीत हो!"

शेजारच्या नळीतून येणारा चावण्याचा आवाज थांबला.

"ऐकतोय," पाहुणा म्हणाला. "तोंडात घास होता."

तो बाहेर आला. सगळा बाहेर आला, शेपटापर्यंत, जो तो कधीच येत नसे, कारण नळीबाहेर त्याला खाणारे पुष्कळ होते. गाळातून वळवळत गेला, फांदीचं टोक जबड्यात धरलं आणि ओढायला लागला. फांदी जड होती. तो दमला, थांबला, परत धरली. दोन घरांच्या मध्ये एक फट होती, तिथपर्यंत त्याने ती आणली आणि खालचं टोक फटीत असं खुपसलं, की एक बाजू थोरलीच्या घराला टेकली आणि दुसरी शेजारणीच्या. मग मिशांनी आणि पायांनी एकेकाच्या तोंडावरचा गाळ झाडून काढला.

खाली दबलेली काही भावंडं गेली होती. त्यांना कुणी वाचवू शकलं नाही. पण धाकटी खोकली, गाळ थुंकली आणि म्हणाली, "भूक लागली." थोरलीच्या जिवात जीव आला.

"पाहुणे, तुमचे उपकार मी..." थोरली म्हणायला लागली.

"उपकार कसले?" पाहुणा मोडलेल्या फांदीला वळसा घालून नवी नळी विणत म्हणाला. "मला डोक्यावर छप्पर लागतं. तुम्ही पडलात तर मी राहू कुठे? मी गाळ झाडतो तोही माझी वाट बुजते म्हणून. आणि घास घेतो तो भूक लागते म्हणून. यापुढेही घेणार, आधीच सांगून ठेवतो."

"घ्या," थोरली म्हणाली. "पण एवढी वर्षं आमच्या फांद्या तुमच्या नळीनेच जखडून धरल्या होत्या, हे बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही चालते व्हा म्हणालात."

थोरलीने मुकाट्याने चुना काढला. इकडून तिने गिलावा धरला, तिकडून शेजारणीने. पातळ थर, त्यावर थर. धाकटी वरून जमेल तेवढी मदत करायची आणि मधेच विचारायची, "झालं का?" व्हायला पुष्कळ वर्षं लागली, पण खोल समुद्रात वर्षांना काय तोटा! फांदी पक्की धरली गेली. एका बाजूने थोरलीच्या कातडीला पुन्हा जुळली, दुसऱ्या बाजूने शेजारणीच्या चुन्यात रुतली. दोन घरांवर मिळून एक कमान झाली. तिच्याखाली मासे अंडी घालायला येऊ लागले. पुढे कितीदा तरी प्रवाह उसळला, पण कमान जागची हलली नाही.

आता त्या गावात भांडण फक्त एकाच गोष्टीवरून होतं.

"आमचा पाहुणा बरा आहे ना गं?" शेजारीण विचारते.

"तुमचा? तुमचा कसा? आजीच्याही आधीपासून तो आमच्या घरात आहे."

"वा! घालवलात ना तुम्ही? आता तो आमचा."

"अर्ध्याहून जास्त नळी आमच्या बाजूला आहे, चाचपून बघ!"

दोघींचं हे असं चालू असतं आणि भांडणाच्या भरात दोघींचीही बोटं पसरलेली राहतात. तेवढ्यात मधून दोन मिशा बाहेर येतात, आधी इकडचा घास उचलतात, मग तिकडचा. दोघींना ते कळतं. दोघीही त्याला काही बोलत नाहीत.

तात्पर्य इतकंच: आपल्या ताटातून कोण काय उचलतो, ते लगेच दिसतं, आपलं घर कोण धरून ठेवतो, ते शांतपणे बघावं लागतं, आणि कुणाला दार दाखवण्याआधी बघावं लागतं.