रंगनाथरावांचा लाल पट्टा

अंगरख्यावरचा पट्टा किती रुंद केला म्हणजे माणूस मोठा दिसतो, सांगाल का?

शाळेची प्राचीन रोमची मिरवणूक उद्यावर आली होती. कुमुदताई पांढऱ्या अंगरख्यांवर लाल पट्टे शिवत होत्या. संस्थेचे अध्यक्ष रंगनाथराव रोमन सरदार होणार होते, आणि रोममध्ये म्हणे जितका माणूस मोठा, तितका त्याचा पट्टा रुंद. तीनदा उसवून शिवलं, तरी त्यांचं एकच, "अजून रुंद करा, ताई!" लाल कापड संपत आलं होतं आणि मुलांचे अंगरखे अजून कोरेच होते.

"करते की, साहेब," शेवटी त्या म्हणाल्या, "पण आता सगळा अंगरखाच लाल होईल. मग स्टेशनासमोरून जाताना कुणी तुमच्या डोक्यावर बॅग ठेवली, तर मला बोलू नका!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथराव बोटभर रुंदीचा पट्टा लावून चालले, आणि सगळ्या मुलांच्या अंगरख्यांवरही लाल पट्टे होते.