धुळे ते जळगाव, किती वेळ?

"चूक? चूक कशी, मास्तर? नकाशा खोटा आहे का?"

शलाका बोरसे भडकली होती. प्रश्न रोजचाच. धुळ्याहून जळगावला विमानाने किती वेळ लागतो? उत्तरही रोजचंच. नव्वद किलोमीटर, अर्धा तास.

"चूक," कॅप्टन हुदलीकर पुन्हा म्हणाले आणि शेंगा सोलत बसले.

आमच्या फ्लाइंग क्लबात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. शिकाऊ माणूस विमान चालवत असला की शेजारी बसलेल्या मास्तरांची पापणी लवत नसे. शिंकतानासुद्धा त्यांचे डोळे उघडे असतात, अशी आम्ही थट्टा करायचो.

शलाका आमच्यात सगळ्यात हुशार, आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण जळगावची एकटीने फेरी केल्याशिवाय लायसन्स नाही, आणि मास्तर काही तिला सोडेनात. आम्ही ढ मंडळी केव्हाच जाऊन आलो होतो. आम्हाला त्यांनी हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता.

"मग बरोबर उत्तर तरी सांगा!" ती रडकुंडीला आली होती.

मास्तरांनी हातावरची टरफलं झटकली.

"मला काय माहीत? जा, घेऊन ये."

एकटीने उडायची परवानगी! तिला आधी खरंच वाटेना. मग ती धावतच सुटली. विमानाची टाकी अर्धी होती. मास्तरांनी स्वतः उभं राहून ती गळ्यापर्यंत भरायला लावली.

"अर्ध्या तासासाठी एवढं?" शलाका हसली.

मास्तरांनी टाकीचं झाकण घट्ट फिरवलं.

ती उडाली. अर्धा तास गेला. जळगावला फोन लावला, तर विमान आलेलंच नाही. तिकडे एरंडोलच्या वर काळाकुट्ट ढग उभा राहिला होता. अहो, आम्ही तिला हाका मारत सुटलो! रेडिओवर नुसती खरखर. मास्तर पूर्वेकडे तोंड करून उभे होते, हातातली शेंग तशीच.

फोन वाजला तेव्हा मीच झडप घातली.

"उतरली!"

काय नाचलो आम्ही! हँगरचे पत्रे हादरले. पोरीने मैदान मारलं होतं.

दुपारी ती परत आली. ढगाला वळसा घालत पार तापीच्या काठाने गेली होती म्हणे. येताना वारा समोरून. तरी चाकं इतकी अलगद टेकली की आवाजसुद्धा नाही. आमच्या रीतीप्रमाणे आम्ही तिच्या डोक्यावर पाण्याची बादली ओतली.

गलका थांबला. मास्तर टोपी घेऊन पुढे आले होते.

"बोरसे, मला जळगावला जायचंय, बहिणीकडे. सोडशील?"

शलाका त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तशीच ओलीचिंब विमानाकडे गेली. आकाश आता मोकळं होतं. तरी तिने टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली.

मास्तर शेजारच्या सीटवर बसले. पट्टा आवळला.

"किती वेळ लागेल?"

आम्ही सगळे पुढे सरकलो.

शलाकाने एकदा पूर्वेकडे पाहिलं.

"उतरल्यावर सांगते, मास्तर."

मास्तरांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि मान मागे टेकली.

"बरं. उतरलो की उठव."