घोंगडीवरून नाडी

"बुवा, पेशंट गेला तरी आपल्याला काही वाटू नये, असा काही उपाय आहे का?"

अच्युतबुवा मठाच्या ओट्यावर घोंगडी पांघरून उन्हाला बसले होते. विचारणारा डॉक्टर श्रीरंग. गावचाच मुलगा, आता तालुक्याच्या इस्पितळात अतिदक्षता विभाग सांभाळणारा. हुशार होता, आणि ते त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

"कोण गेलं?"

"रेश्मा. नऊ वर्षांची. जाताना तिचा हात माझ्याच हातात होता."

"हं…"

"तेव्हापासून मी पेशंटला हातच लावत नाही. लांबून मशीनवरचे आकडे बघतो, औषध सांगतो, पुढं जातो. तरी जेवण जात नाही, बुवा. मन घट्ट करायला शिकवा. नाहीतर हे काम सोडतो मी."

बुवांनी त्याच्या बोटांकडं पाहिलं.

"नाडी बघता येते का रे तुला अजून?"

श्रीरंग दुखावला. "डोळे मिटून सांगतो. इस्पितळात नाव आहे माझ्या बोटांचं."

बुवांनी घोंगडीतला हात घोंगडीसकट पुढं केला. "बघ."

"घोंगडी तरी काढा."

"असू दे. बघ."

त्यानं दाबून पाहिलं. बोटं इकडेतिकडे सरकवून पाहिलं.

"काही लागत नाही."

"मग बरंच की. त्रास नाही."

श्रीरंगनं घोंगडीवरच्या आपल्या बोटांकडं पाहिलं.

मग त्यानं आपणहून घोंगडी बाजूला केली आणि बुवांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली.

चार ठोके सरळ गेले. पाचवा आलाच नाही. मग दोन घाईघाईनं, आणि पुन्हा खंड. त्याचा चेहरा उतरला. लहानपणी बुवांनी याच हातानं पोटाखाली आधार देऊन त्याला नदीत पोहायला शिकवलं होतं.

"बुवा, हे कधीपासून?"

"झाले चार-पाच महिने."

"कुणाला दाखवलंत?"

"आत्ता दाखवतोय की."

श्रीरंगचे डोळे भरून आले. ते बुवांना दिसू नयेत म्हणून त्यानं तोंड फिरवलं, आणि चटका बसावा तसा हात मागं घेतला.

बुवांनी तो हात धरला. पुन्हा आपल्या मनगटावर नेऊन ठेवला.

"बोटं उचलू नकोस," ते म्हणाले. "अजून चालू आहे."