कासारणीचा ताठ हात

"म्हणजे नेमकं काय करायचं, ते सांगा ना मावशी! गप्प झालेल्या पोरीला बोलतं कसं करायचं?"

"बस आधी."

"दोन शनिवार बसतेच आहे मी."

"मग तिसरा बस."

केतकी बसली. दात ओठ खात बसली.

म्हाताऱ्या माणसांचं एक तिला कधीच समजलं नव्हतं. साधा प्रश्न विचारला, की ही माणसं वडाच्या पारंबीसारखी लोंबत राहतात. वर नाहीत, खाली नाहीत. उत्तर देऊन मोकळं व्हायला काय होतं?

मानसशास्त्रात एम.ए., पहिला वर्ग. ऊसतोड मजुरांच्या मुलींच्या वसतिगृहात समुपदेशक. आणि अशा केतकीला तिच्या प्राध्यापकांनी पाठवलं होतं कुणाकडे, तर आठवड्याच्या बाजारात गोणपाटावर बसणाऱ्या कौसाबाई कासारणीकडे.

"पुस्तकं झाली तुमची वाचून," प्राध्यापक म्हणाले होते. "आता कौसाबाईंकडे जाऊन बसा."

का, ते सांगितलं नाही. तेही म्हातारेच!

तरी ती आली होती. कारण वसतिगृहात शिवकन्या होती.

शिवकन्या सात वर्षांची. दिवाळीनंतर आईबाप कारखान्याच्या पट्ट्यात ऊस तोडायला गेले आणि पोर वसतिगृहात आली. आली त्या दिवसापासून गप्प. तीन महिने शब्द नाही. दोन्ही मुठी आवळलेल्या. जेवायला उघडायच्या, जेवण झालं की पुन्हा बंद.

"मुकी आहे," अधीक्षिका म्हणायच्या.

"मुकी नाही. तिच्या आईनंच नाव घालताना सांगितलं होतं ना, फार बडबडी आहे, हिच्या तोंडाला कुलूप लावा म्हणून?"

"मग बोलती करा. सोमवारपर्यंत. नाहीतर सोमवारी गाडी येईल आणि जिल्ह्याच्या शाळेत जाईल ती. मुक्या मुलांच्या."

आज शनिवार होता.

पहिल्या शनिवारी केतकीनं वही उघडून नीट पाहिलं होतं. एक दांडगी बाई आली होती, खुरपं धरून धरून हात दगड झालेला. कौसाबाईंनी तो हात मांडीवर घेतला, बोटांची पेरं चोळली आणि विचारलं, "म्हैस काय म्हणती? किती देती दूध?"

बाई म्हशीचं सांगत सुटली. सांगता सांगता बांगडी मनगटात.

केतकीनं वहीत लिहिलं : लक्ष दुसरीकडे वळवणे.

सोमवारी तिनं शिवकन्येला विचारलं, "तुमच्या घरी म्हैस आहे का गं?"

शिवकन्येनं भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या शनिवारी केतकीनं लिहिलं : हळुवार स्पर्श.

सोमवारी तिनं शिवकन्येचा हात हातात घेतला. मूठ अशी आवळली गेली, की नखं तळव्यात रुतली.

म्हणून आज ती पोरीलाच घेऊन आली होती. पोरगी रिक्षात तिला चिकटून बसली होती आणि आता गोणपाटाच्या कडेला, मुठी मांडीत घालून, समोर चाललेलं टकामका बघत होती.

"आली ना ती तुझ्यासंगं इथवर," कौसाबाई म्हणाल्या. "ते लिहिलंस का वहीत?"

"त्यात काय लिहायचं?"

"बरं बाई... नको लिहू."

तासाभरात चार बायका आल्या नि बांगड्या भरून गेल्या. कौसाबाईंच्या तोंडी दर वेळी तेच. "सैल सोड गं." "अंगठा आत घे." "लाकडावानी धरू नको." "बोल की काईतरी, म्हैस काय म्हणती?" हात भरून झाला, की प्रत्येक बाई वाकून कासारणीला नमस्कार करायची. तशी रीतच आहे. लेकीसुनांचा हात भरणारी, तिच्या पाया पडायचं.

मग गिऱ्हाईक थांबलं.

केतकी टेकीला आली होती. "मावशी, हिचा हात बघता का? हिला भरा ना बांगड्या."

कौसाबाईंनी शिवकन्येकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यांनी पेटीतून एक हिरवी बांगडी काढली आणि स्वतःच्याच डाव्या हातात घालायला लागल्या. पेरांपाशी बांगडी अडली. त्यांनी रेटली. आणखी अडली.

"आई आई गं..."

"द्या इकडे, मी घालते," केतकी पुढे झाली.

कौसाबाईंनी असा डोळा वटारला, की ती तिथंच बसली.

"मला येईना झालंय," कौसाबाई पुटपुटल्या. कुणाला उद्देशून, कळलं नाही. मग त्यांनी तो हात शिवकन्येच्या पुढ्यात, गोणपाटावर ठेवून दिला. शेजारी बांगडी ठेवली.

...

पलीकडे मिरचीवाला ओरडत होता. एक बैल हंबरला. केतकीला एवढंच कळत होतं, की आता आपण काही बोललो तर आपल्यासारखे मूर्ख आपणच.

उजवी मूठ उघडली.

शिवकन्येनं बांगडी उचलली. फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हातारीच्या बोटांत सरकवली. पेरांपाशी आल्यावर जोर लावला.

कौसाबाईंनी हात मुसळासारखा ताठ केला.

पोरीनं कपाळाला आठी घातली. पुन्हा जोर. हात आणखी ताठ. आता डावी मूठही उघडली होती, आणि पोर दोन्ही हातांनी झटत होती.

"सैल सोड."

एवढुसा आवाज. गंजलेल्या कडीसारखा.

"आं?" कौसाबाईंनी कानामागं हात नेला.

"सैल सोड म्हणलं हात! लाकडावानी धरलायस!"

"अगं पण दुखतंय मला."

"दुखंल थोडं. अंगठा आत घे."

"असा?"

"असा न्हाई, आत! आत आज्जे! येवढी म्हातारी झालीस अन् कळत न्हाई व्हय तुला?"

मिरचीवाला हसला. शेजारची भाजीवाली पदर तोंडाला लावून हसली. केतकीला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच समजेना.

"आता?" कौसाबाईंनी गरिबासारखं विचारलं.

"आता बोल की काईतरी. गप बसल्यावर बांगडी जात नसती."

"काय बोलू?"

"म्हशीचं सांग."

"मला कुठली गं म्हैस?"

"मग शेळीचं सांग."

"शेळी बी न्हाई."

"काहीच कसं न्हाई तुझ्याकडं!" शिवकन्या करवादली. "थांब, मी सांगते माझ्या शेळीचं. तिला एक कान हाय. एक कुत्र्यानं खाल्ला. तिला हाक मारली की ती उलटी पळती..."

आणि सुरू झाली की हो पोरगी! कुणी नळाची तोटी काढून न्यावी तशी. शेळी, शेळीची करडं, करडांची नावं. त्यातल्या एकाचं नाव सरपंच. तो सगळ्यांचं खातो म्हणून.

पहिली बांगडी कधी मनगटात गेली, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. दुसरी गेली. तिसरी गेली.

चौथ्या बांगडीला शिवकन्या म्हणाली, "आई मला झोपीत सोडून गेली."

हात थांबले नाहीत. बांगडी फिरवत होती, हळूहळू.

"मी जागी असते तर रडले असते म्हणून. पर मी न्हवते रडणार. मी तिला सांगणार व्हते, जायच्या आधी करडाला नीट बांध म्हणून. ते ऱ्हायलंच सांगायचं..."

केतकीचा हात आपोआप वहीकडे गेला.

कौसाबाईंनी मान हलवली नाही, डोळा वटारला नाही. नुसत्या पोरीकडे बघत राहिल्या. केतकीनं वही पिशवीत घातली. पेनही घातलं.

"मग आता कोन बांधतंय करडाला?" कौसाबाईंनी विचारलं.

"आज्जा. पर त्येला गाठ येत न्हाई." पोरीनं नाक पुसलं, त्याच हातानं पाचवी बांगडी घेतली. "ताई, फोन लागंल का आज्जाला? गाठ सांगायचीय."

ताई म्हणजे आपण, हे समजायला केतकीला एक क्षण लागला.

"लागेल की! आत्ता लावू."

"आत्ता न्हाई. हात भरू दे आज्जीचा."

अर्ध्या डझनानं हात भरला. शिवकन्येनं तो उजेडात धरला, फिरवून पाहिला. किणकिण ऐकली. मग ताठ बसली.

"आता पाया पड."

"आं?"

"मी भरल्या ना? मग माझ्या पाया पड. रीत हाय."

भाजीवाली भाजी टाकून बघायला उभी राहिली. सत्तरीच्या कौसाबाई गुडघे धरून उठल्या, कमरेत वाकल्या आणि सात वर्षांच्या पोरीच्या पायांवर डोकं टेकवलं. अगदी मनापासून. डोक्यावर हात ठेवून पोरीनं आशीर्वाद दिला, "चांगली ऱ्हा."

सारा बाजार खदखदला. शिवकन्याही हसली. पुढचे दोन दात पडलेले होते तिचे. तीन महिन्यांत केतकीला ते माहीतच नव्हतं.

"अन् ताई," हसता हसता ती म्हणाली, "सोमवारच्या गाडीत मी बसनार न्हाई. मी काय मुकी हाय? सांगा त्या बाईला."

"तूच सांग."

"सांगते! भिते का काय!"

आणि ती उठून मिरचीवाल्याकडे गेली. तू मघापासून का हसतोयस, हे विचारायला.

केतकी गोणपाटावर सरकत कौसाबाईंच्या जवळ आली. आवाजातली धार अजूनही गेली नव्हती.

"मावशी, आता खरं सांगायचं. टाळायचं नाही. मी तीन महिने झटले. एकही उपाय सोडला नाही. तुम्ही असं काय केलंत?"

"मी काय करनार? मला बांगडी भरता येईना."

"काहीतरीच! चाळीस वर्षं साऱ्या तालुक्याचे हात भरताय तुम्ही. आणि तुम्हाला येत नाही?"

कौसाबाईंनी बांगड्यांवरून बोट फिरवलं...

"आज येत न्हवतं."